मिठाचा एक कण

चेचीनं काचेची छोटी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली. आत मिठाचं पाणी होतं आणि त्या पाण्यात एक नळी. लांबी साडेतीन सेंटिमीटर, जाडी तीन मिलिमीटर. भिजलेल्या जाड शेवयीचा तुकडा असावा तशी मऊ, पांढुरकी. "बघ, हीच ती," चेची माझ्या मुलीला म्हणाली. "वर्षभर तुझ्या दंडात राहील. आठ दिवसांत तू तिला विसरूनही जाशील."

ही नोव्हेंबर २०१२ मधली गोष्ट. मुलगी सात वर्षांची होती. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत राहत होतो, आजही तिथंच राहतो. चेची ही दवाखान्यातली नर्स, मूळची केरळची. मल्याळममध्ये मोठ्या बहिणीला चेची म्हणतात, हे तिनंच मुलीला शिकवलं होतं आणि मग आमच्या घरात तिला दुसरं नाव उरलं नाही.

ती नळी ज्या पदार्थाची होती त्याला हायड्रोजेल म्हणतात. पाणी पोटात धरून ठेवणारं, पण पाण्यात न विरघळणारं रेणूंचं जाळं. त्या नळीनं आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांनी माझ्या मुलीला जे दिलं, ते मी इतकी वर्षं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. गोष्ट मुलीच्या शरीराची होती, म्हणून गप्प राहिले. आता ती वीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तीच म्हणाली, "आई, तू लिही. कुणाच्या तरी आईला उपयोग होईल." हा लेख तिनं वाचला आहे आणि तिच्या परवानगीनं छापायला दिला आहे.

ती साडेसहा वर्षांची असताना एकदा न्हाऊ घालताना माझ्या हाताला तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ लागली. हात लावला की तिला दुखायचं. पहिल्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलंसं केलं आणि सांगितलं, अंगानं भरलेली आहे, खाण्याकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं. तिचा शिरा बंद केला, साजूक तूप बंद केलं. सहा महिन्यांत तिचे सगळे फ्रॉक आखूड झाले. वर्गाच्या फोटोत ती शेवटच्या रांगेत उभी दिसू लागली. खेळून आली की तिच्या घामाला मोठ्या माणसाच्या घामाचा वास येऊ लागला. मी स्वतः फार्मसी शिकलेली बाई, तरी ते सहा महिने मी घालवले. ती बोच अजून जात नाही.

शेवटी मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यात आधी डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मनगटाची आणि बोटांची हाडं पाहून मुलाच्या हाडांचं वय ठरवता येतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीची हाडं दहा वर्षांच्या मुलीची होती. मग एक इंजेक्शन देऊन ठरावीक वेळानं रक्त घेतलं, मेंदूचा एमआरआय केला. मेंदूत गाठ नव्हती. मुलींमध्ये बहुतेक वेळा असं कारण सापडतच नाही. घड्याळ लवकर सुरू झालेलं असतं, एवढंच. आठ वर्षांच्या आत मुलीत आणि नऊ वर्षांच्या आत मुलात वयात येण्याची लक्षणं दिसू लागली तर त्याला अकाली वयात येणं म्हणतात. मूल सुरुवातीला भराभर वाढतं, इतरांपेक्षा उंच दिसतं. मग हाडांची टोकं लवकर जुळून जातात आणि वाढ तिथंच थांबते. आज रांगेत शेवटी उभी राहणारी मुलगी पुढे सगळ्यांत ठेंगणी राहते. आणि त्याआधी, दुसरीतिसरीत असतानाच, तिची पाळी सुरू होते.

फोनवरून भारतातल्या नातेवाइकांनी कारणं सांगितली. तिकडचं दूध, तिकडचं चिकन, तिकडचा टीव्ही. प्रत्येक कारणात दोष माझाच निघत होता. त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही. एका दुपारी मुलगी झोपली असताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मलासुद्धा असंच झालं होतं."

वाईजवळच्या खेड्यात त्या वाढल्या. "मला कावळा शिवला तेव्हा मी साडेनऊ वर्षांची होते. चौथीत. काय झालंय तेच कळेना. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. झाडावर चढायचं बंद, नदीवर जायचं बंद. धाकट्या बहिणी पुढं शिकल्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच झाल्या. मी राहिले ती राहिले. आई म्हणायची, देवाची मर्जी." थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हिला वेळ मिळत असेल तर मिळू दे. तुम्ही दोघं पैशाकडे बघू नका."

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या मुलालाही ती माहीत नव्हती. उपचारांबद्दल माझ्या मनात जी धाकधूक होती ती त्या दुपारी संपली.

'वेळ मिळू दे' हे त्यांचे शब्द. पुढे मला कळत गेलं की या औषधाचं सगळं मर्म त्या तीन शब्दांत आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथून दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सुटते. अशा साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. ही साखळी खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करते आणि मग शरीर वयात येऊ लागतं. ती शोधायला किती कष्ट पडले ते वाचून मी थक्क झाले. न्यू ऑर्लिन्समध्ये अँड्र्यू शॅली यांच्या गटानं लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतले ते चिमुकले भाग गोळा करून त्यातून हे पेप्टाइड मिलिग्रॅमच्या हिशेबात वेगळं काढलं. १९७१ साली त्याची रचना कळली. ती उलगडण्यात हिसायुकी मात्सुओ या जपानी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. रॉजे गिलमँ हेच काम मेंढ्यांच्या मेंदूंवर करत होते. १९७७ चं नोबेल शॅली, गिलमँ आणि रोझलिन यॅलो यांना मिळालं. यॅलोबाईंनी रक्तातलं अत्यल्प हार्मोन मोजायची पद्धत शोधली होती. माझ्या मुलीच्या दंडातून जे रक्त घेतलं त्यातला आकडा कळायचा रस्ता त्यांनीच घालून दिला होता.

पण हार्मोन सापडलं म्हणून ते थांबवता कसं येणार? त्याचं उत्तर १९७८ साली पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाला माकडांकडून मिळालं. हे पेप्टाइड तासातासानं थोडं थोडं दिलं की पिट्युटरी काम करते. तेच सतत, न थांबता दिलं की ती काम बंद करते. शाळेची घंटा तासाला वाजली तर मुलं उठून उभी राहतात. दिवसभर वाजतच राहिली तर कुणी मान वर करत नाही. म्हणजे हार्मोन थांबवायला त्याच्याविरुद्धचं औषध नको. तेच हार्मोन, पण अखंड दिलं की पुरे.

अखंड देणं, इथंच सगळं अडत होतं. पेप्टाइड पोटात गेलं तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं, त्यामुळे गोळी देता येत नाही. रक्तात टोचलं तर विकरं ते काही मिनिटांत तोडून टाकतात. रसायनज्ञांनी त्यातली एक-दोन अमिनो आम्लं बदलली. सहाव्या जागी आरशातल्या प्रतिमेसारखं उलट्या घडणीचं अमिनो आम्ल बसवलं. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तशी विकराची पकड तिथं बसेना. त्यातून ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, हिस्ट्रेलिन अशी औषधं आली. १९८१ साली बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी काही लहान मुलींना असं औषध देऊन पाहिलं आणि त्यांचं घड्याळ थांबलं. त्या मुलींना ते रोज टोचावं लागत होतं. आज त्या पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, पण माझ्या मुलीच्या आधी त्यांनी रोज सुई सोसली आहे.

आमच्या मुलीला पहिले सहा महिने डेपो इंजेक्शन दिलं. त्यात औषध सूक्ष्म गोळ्यांमध्ये भरलेलं असतं. त्या गोळ्यांचं बहुवारिक (पॉलिमर) शरीरात हळूहळू झिजतं आणि औषध सुटत राहतं. भारतातही अशी डेपो इंजेक्शनं वापरली जातात आणि असंख्य मुलींना त्यांचा चांगला उपयोग झाला आहे. आमच्या घरी मात्र त्या सुईची दहशत बसली. मांडीत खोल द्यायचं इंजेक्शन ते. मुलीनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर स्वतःच फुल्या मारून ठेवल्या होत्या. सहाव्या महिन्यात ती पलंगाखाली जाऊन बसली आणि दोन तास बाहेर आली नाही. त्या दिवशी चेचीनं आम्हाला नळीबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

हायड्रोजेल हे नाव ऐकलं आणि मला कराड आठवलं.

कराडच्या फार्मसी कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या एका सरांनी पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग मांडला होता. परीक्षानळीत आगर घालून ते थिजवलं, वर मोरचुदाचं निळं द्रावण ओतलं आणि नळी खिडकीत ठेवून दिली. रोज तासाला आलं की निळी रेघ कुठवर उतरली ते मोजायचं आणि वहीत मांडायचं. पहिल्या दिवशी झरझर उतरली, मग मंदावत गेली. दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो, हे आम्ही सूत्र शिकण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. सर म्हणाले होते, "रेणूला कुणी ढकलत नाही. जेलमधलं पाणी त्याला वाट देतं आणि जेलचं जाळं त्याला अडवतं. या दोघांच्या मधे औषधाचा वेग ठरतो. औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील. ते किती सावकाश द्यायचं ते तुम्ही ठरवायचं आहे."

त्या दिवशी घरी जाऊन मी हे आजीला सांगितलं. ती अळिवाच्या लाडवांसाठी नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घालत होती. दाण्याभोवती पारदर्शक गर फुगत आला होता. "अळिवाला घाई केलेली चालत नाही," एवढंच ती म्हणाली. अळीव, सब्जा, चायना ग्रास ही सगळी पाणी धरणारी जाळीच. आमच्या स्वयंपाकघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फुगणाऱ्या जेलांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, हेही आम्हाला सरांनीच सांगितलं होतं. वीस वर्षांनी परदेशातल्या दवाखान्यात माझ्या हातात माहितीपत्रक आलं तेव्हा त्यातला एकही शब्द मला परका वाटला नाही. भीती निघून गेली. हे ऋण त्या सरांचं.

मुलीच्या नळीचं जाळं दोन जातभाई रेणू गुंफून केलेलं होतं. एक पाणी जास्त ओढणारा, दुसरा कमी. दोघांचं प्रमाण बदललं की जाळ्यात पाणी किती राहील ते बदलतं आणि त्यावर औषध किती वेगानं पाझरेल ते ठरतं. नळीच्या आत हिस्ट्रेलिन घट्ट भरलेलं, ५० मिलिग्रॅम. शरीरातलं पाणी भिंतीतून आत जातं, थोडं औषध विरघळतं आणि भिंतीतून बाहेर झिरपतं. आत न विरघळलेलं औषध शिल्लक आहे तोवर आतलं द्रावण संपृक्तच राहतं. भिंतीची जाडीही तीच राहते. त्यामुळे पाझर आज जेवढा, तेवढाच सहा महिन्यांनी. मातीचा माठ दिवसभर सारखा पाझरत राहतो आणि जमिनीवर धार मात्र लागत नाही, तसं.

दिवसाला पाझरतं ते सुमारे ६५ मायक्रोग्रॅम. हा आकडा मी कितीदा वाचला, पण तो डोळ्यांसमोर येईना. मग एकदा स्वयंपाक करताना हिशेब केला. बारीक मिठाचा एकच कण साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. दिवसाला मिठाच्या एका कणाएवढं औषध, आणि त्याच्या जोरावर एक मूल मूलच राहतं. वर्षाचा हिशेब २४ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे भरलेल्या औषधाच्या निम्म्याहून कमी. एकच नळी दोन वर्षंही काम देते, असं दाखवणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

नळी मिळणं सोपं नव्हतं. विमा कंपनीनं पहिला अर्ज नाकारला. इंजेक्शन चालू आहे, त्यानं गुण येतो आहे, मग बदल कशाला, असं त्यांचं म्हणणं. कागदावर ते बरोबरच होतं, पण पलंगाखाली बसलेली मुलगी कागदावर कुठंच नव्हती. चेचीनं ती कागदावर आणली. मुलीला किती वेळा धरून ठेवावं लागलं, तिची झोप कशी उडाली, शाळा किती बुडाली, हे सगळं तिनं तारखांसकट लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत फोन धरून बसली. एकदा मी दवाखान्यात गेले तेव्हा तिच्या डब्यातला भात तसाच पडलेला पाहिला. "आधी जेव ना, चेची," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी फोन ठेवला तर पुन्हा रांगेच्या शेवटी जाईन." तिसऱ्या अर्जाला मंजुरी आली.

नळी बसवायला फारसा वेळ लागला नाही. दंडाच्या आतल्या बाजूला जागा बधिर केली, छोटा छेद घेतला आणि नळी कातडीखाली सरकवली. दुसऱ्या दिवसापर्यंत हात भिजवायचा नाही, आठवडाभर जड उचलायचं नाही, धावपळीचे खेळ नाहीत. मुलगी घरी येताना गाडीत झोपली. रात्री उठून ती कालनिर्णयजवळ गेली आणि पुढच्या महिन्यांच्या सगळ्या फुल्या खोडरबरानं पुसून टाकल्या.

त्या हिवाळ्यात मी या जेलच्या मागावर निघाले आणि वाचता वाचता प्रागला पोचले.

ओट्टो विख्टर्ले हे चेक रसायनशास्त्रज्ञ. १९५२ साली आगगाडीच्या प्रवासात शेजारच्या माणसाच्या हातातल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकावरून गोष्ट निघाली. डोळ्याच्या खोबणीत बसवायच्या धातूच्या तुकड्याची जाहिरात त्यात होती. विख्टर्ले म्हणाले, शरीरात धातू घालण्यापेक्षा पाणी धरणारं मऊ प्लॅस्टिक बरं. तेवढ्यावर न थांबता ते कामाला लागले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांच्यासह त्यांनी तसा पदार्थ केला. १९६० साली 'नेचर'मध्ये दोघांचा छोटासा लेख आला, शरीरात वापरण्याजोग्या पाणीदार जेलांवर. मधल्या काळात, १९५८ साली, राजकीय कारणांवरून विख्टर्ले यांना त्यांच्या महाविद्यालयातून काढून टाकण्यात आलं होतं.

या जेलची डोळ्यात घालायची मऊ भिंगं करायची त्यांची धडपड सरकारी पातळीवर बंद पडली. तेव्हा १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरीच यंत्र केलं. मुलांच्या 'मेर्कूर' खेळातल्या पट्ट्या आणि स्क्रू (आपल्याकडच्या मेकॅनोसारखा हा खेळ), सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. फिरत्या साच्यात द्रवाचा थेंब टाकायचा, तो गरगर फिरताना कडेला पसरतो आणि तसाच थिजतो. नाताळच्या दुपारी पहिली चार भिंगं झाली. पत्नी लिंडा मदतीला होत्या. पुढच्या चार महिन्यांत त्या घरगुती यंत्रावर साडेपाच हजार भिंगं तयार झाली. १९६८ नंतर त्यांच्यावर पुन्हा राजकीय रोष ओढवला. देश मोकळा झाल्यावर १९९० साली त्याच माणसाला चेकोस्लोव्हाकियाच्या विज्ञान अकादमीचं अध्यक्षपद मिळालं. १९९८ साली ते वारले.

त्यांच्या जेलचे हक्क १९६०च्या दशकात अमेरिकेत गेले. 'हायड्रॉन' या नावानं तो पदार्थ ओळखला जाऊ लागला. १९७१ साली मऊ कॉन्टॅक्ट लेन्सना अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच कुळातल्या जेलची पोकळ नळी करून त्यात औषध भरायची कल्पना पुढे आली आणि ती नळी घडवतानाही द्रव्य फिरतं ठेवून भिंत जमवायची रीत वापरली गेली. सायकलच्या डायनॅमोवर सुरू झालेलं ते फिरणं इथवर आलं. हिस्ट्रेलिनच्या नळीला आधी २००४ साली प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आणि मग २००७ साली माझ्या मुलीसारख्या मुलांसाठी परवानगी मिळाली.

आणि ती नळी तयार होत होती क्रॅनबरीत. आमच्या घरापासून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवरचं गाव. भोपळे आणायला आम्ही दर ऑक्टोबरात त्या बाजूला जात होतो.

एका दुपारी मी एकटीच तिकडे गेले. रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसले. पाळी सुटायची वेळ असावी. डबे हातात घेऊन माणसं बाहेर येत होती, एकमेकांचा निरोप घेत गाड्यांकडे जात होती. कुणी चिनी, कुणी काळं, कुणी आपल्याकडचं वाटावं असं. माझ्या मुलीच्या दंडात जे होतं ते त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातांतून गेलं होतं. भिंत कुणी तपासली, औषध कुणी भरलं, बाटलीत मिठाचं पाणी कुणी घातलं. खाली उतरून त्यांना काही सांगावं असं फार वाटलं. पण काय सांगायचं आणि कुणाला? मी गाडीतच हात जोडले आणि मुलीला शाळेतून घ्यायला निघाले.

जेल मऊ असतं, आणि त्याचा त्रासही मला सांगितला पाहिजे. पहिल्या वर्षानंतर जुनी नळी काढून त्याच छेदातून नवी घालायची होती. वर्षभरात तिच्याभोवती शरीरानं पातळ आवरण विणलं होतं. काढताना नळी तुटली. तुकडे शोधून काढायला बराच वेळ गेला, मुलगी रडली, मीही रडले. असं होऊ शकतं हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, दोष कुणाचाच नव्हता. त्या पाऊण तासात चेची मुलीच्या कानाशी तोंड नेऊन मल्याळममध्ये एक अंगाईगीत म्हणत होती. मुलीला शब्द कळत नव्हते. तरी ती शांत झाली. पुढच्या दोन्ही वेळा नळी सुखरूप निघाली.

शेवटची नळी २०१५ च्या अखेरीस काढली, मुलगी अकरा वर्षांची व्हायच्या बेतात असताना. आता तिच्या बरोबरीच्या मुली वयात येऊ लागल्या होत्या. घड्याळ पुन्हा सुरू करायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही महिन्यांनी तिचं शरीर आपल्या गतीनं पुढे निघालं. मधल्या तीन वर्षांत ती पोहायला शिकली, झाडावर चढली, पडली, गुडघे फोडून आली. सासूबाई दर रविवारी व्हिडिओवर तिला विचारत, "आज कुठल्या झाडावर?"

चेचीला मी दर दिवाळीत फराळाचा डबा देते. ती त्याच डब्यातून केळ्याचे वेफर्स परत पाठवते. सर आता नाहीत. आजी नाही. विख्टर्ले, शॅली, नोबिल यांना मी पाहिलेलंही नाही. मराठीत आपण मिठाला जागणं म्हणतो. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखायचं. माझ्या मुलीनं तीन वर्षं रोज मिठाच्या एका कणाएवढं जे घेतलं, त्यात या सगळ्यांचा वाटा होता. त्या मिठाला जागायचा मला एकच मार्ग दिसतो. जे कळलं ते पुढच्या आईला सांगायचं.

म्हणून सांगते. तुमची मुलगी आठ वर्षांची व्हायच्या आत तिच्या छातीत गाठ जाणवली, काखेत केस दिसले, ती एकाएकी भराभर वाढू लागली, तर माझ्यासारखे सहा महिने घालवू नका. मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकीला औषध लागतंच असं नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. हे औषध उंची वाढवत नाही, ते हाडांना आणि मुलीला वेळ देतं. तिचं खाणं तोडू नका, खेळ बंद करू नका, तिला मोठी झालीस म्हणू नका. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. त्यांच्यापैकी कुणीतरी हे सोसलेलं असेल आणि आजवर कुणी विचारलं नाही म्हणून बोललेलं नसेल.

सासूबाई २०२१ साली गेल्या. त्यांची उंची चार फूट सात इंच होती. माझी मुलगी पाच फूट तीन इंच आहे.